रिस्टोअर केलेले जुने सिनेमे घरी: कोणती डिस्क घ्यावी, टीव्हीवर काय बंद करावं

रिस्टोअर केलेला जुना सिनेमा टीव्हीवर लावला की पहिल्या पाच मिनिटांत एक तक्रार हमखास येते: "चित्रावर मुंग्या का आल्यात?" त्या मुंग्या म्हणजे फिल्मची ग्रेन. ३५ मिमी फिल्मवरचं चित्र या कणांनीच बनलेलं असतं. कृष्णधवल फिल्मवर ते चांदीचे असतात, रंगीत फिल्मवर त्यांच्या जागी उरलेले रंगाचे सूक्ष्म ठिपके असतात. डोळ्याखालची सुरकुती, केसांची बट, लोकरीच्या कोटाची वीण, सगळं त्यातच नोंदलेलं आहे. कण पुसले की सुरकुतीही पुसली जाते. म्हणून कुठल्याही आवृत्तीत आम्ही सगळ्यात आधी ग्रेन शाबूत आहे का ते बघतो. फोर-के (१०८०पीच्या चौपट बिंदूंचं चित्र), एचडीआर (उजेड-अंधारातलं जास्त अंतर दाखवणारं चित्र), खोक्यावरची छपाई हे सगळं नंतर.

निकाल आधीच सांगतो. मूळ निगेटिव्हवरून नीट केलेली साधी १०८०पी (१०८० ओळींचं चित्र) ब्लू-रे ही घरी जुना सिनेमा बघायची सगळ्यात खात्रीची वाट आहे. फोर-के डिस्क तिच्याहून सरस ठरते, पण दर वेळी नाही. स्ट्रीमिंग तिसऱ्या नंबरावर, आणि त्यामागे डेटाचा साधा हिशेब आहे.

ब्लू-रेवर नुसत्या चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत डेटा मिळू शकतो. डिस्कची क्षमता २५ किंवा ५० जीबी. फोर-के डिस्क साधारण ६६ किंवा १०० जीबीची असते आणि तिचा वेग १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो. स्ट्रीमिंगवर फोर-के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये येतं, १०८०पी तर ५ ते ८ मध्ये. नवीन, डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेल्या सिनेमाला एवढं पुरतं, कारण कोडेक (चित्राचा डेटा दाबून लहान करणारी पद्धत) लागोपाठच्या फ्रेम ताडून बघतो आणि न बदललेला भाग पुन्हा पाठवतच नाही. मागची भिंत स्थिर असेल तर ती एकदा पाठवली की झालं. ग्रेनच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. सेकंदाला २४ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कणांची मांडणी पूर्णपणे नवी. डेटा कमी पडला की कोडेक ग्रेन फासून टाकतो किंवा तिचे चौकोनी ठोकळे करतो. धुकं, रात्रीचं आकाश, भिंतीवर पडलेला कंदिलाचा उजेड अशा ठिकाणी उजेडाच्या पायऱ्या दिसू लागतात.

एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये यावर एक तोड आहे. ग्रेन आधी काढून घेतात, तिचं वर्णन तेवढं पाठवतात आणि तुमच्या टीव्हीच्या बाजूला तशीच दिसणारी ग्रेन नव्याने बनवली जाते. फासलेल्या चित्रापेक्षा हे कितीतरी बरं दिसतं. तरी ती त्या फिल्मची ग्रेन नव्हे, हे लक्षात असू द्या.

डिस्क घेताना खोक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. स्कॅन कशावरून केलंय, ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यात चाललेली फिल्मच, असेल तर उत्तम. त्याखाली तिच्यावरून काढलेली पॉझिटिव्ह कॉपी (फाइन ग्रेन मास्टर किंवा इंटरपॉझिटिव्ह), मग त्या कॉपीवरून काढलेली ड्यूप निगेटिव्ह, आणि सगळ्यात शेवटी थिएटरात चाललेली प्रिंट. दर कॉपीला तपशील कमी होतो आणि कॉन्ट्रास्ट चढतो. "रीमास्टर" एवढंच लिहिलं असेल तर नवं डिजिटल ट्रान्सफर झालंय इतकाच त्याचा अर्थ. चरे, फाटलेले सांधे, उडालेले रंग दुरुस्त केलेत अशी हमी त्यात नाही. "फोर-के रिस्टोरेशन" असं छापलेली डिस्क १०८०पी असू शकते, आणि त्यात फसवणूक काही नाही. फोर-के स्कॅनवरून उतरवलेलं १०८०पी चित्र जुन्या, कमी दर्जाच्या स्कॅनवरून ताणलेल्या फोर-केपेक्षा सरस असतं.

खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर सिनेमाच सांगतो. साधारण दर वीस मिनिटांनी चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकला, तर ती प्रोजेक्टर बदलायची खूण. रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी पहिला ठिपका आणि अगदी शेवटी दुसरा. हे ठिपके दिसले की समजावं, स्कॅन बहुधा चाललेल्या प्रिंटवरून झालंय.

आता एक असा दोष, जो दोष नाहीच. दृश्य स्वच्छ, धारदार चाललंय. अचानक चित्र किंचित मऊ पडतं, ग्रेन जाड होते, काळा रंग राखाडी होतो. तीन-चार सेकंदांनी हे दृश्य पुढच्या दृश्यात विरघळतं, आणि ते पूर्ण उमटल्यावर सगळं एकदम पुन्हा धारदार. डिस्क बिघडली म्हणून ती परत करणारे लोक इथेच फसतात. जुन्या काळी डिझॉल्व्ह, फेड आणि नामावली ऑप्टिकल प्रिंटरवर करत. दोन्ही दृश्यांची कॉपी काढून ती तिसऱ्या फिल्मवर एकत्र छापायची आणि तो तुकडा निगेटिव्हमध्ये जोडायचा. म्हणजे तेवढा तुकडा मूळ निगेटिव्हपासून एक-दोन कॉपी दूरचा. प्रामाणिक रिस्टोरेशनमध्ये हा फरक दिसतोच. तो अजिबात दिसत नसेल, तर उरलेलं चित्रही त्याच्याइतकं मऊ केलंय का, ते तपासा.

मूळ सामग्री किती वाचली यावरही बरंच अवलंबून असतं. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबमध्ये लागलेल्या आगीत भाजली होती. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी आखडलेली, ठिसूळ फिल्म ओलावा देऊन मऊ केली, हाताने सोडवली आणि सांधली. त्यातली सुमारे ४० टक्के स्कॅन करण्याजोगी निघाली. बाकीचं ड्यूप निगेटिव्ह आणि फाइन ग्रेन मास्टरवरून घ्यावं लागलं. २०१५ साली आलेल्या या आवृत्तीत शॉटागणिक पोत थोडा बदलतो. ते जसं आहे तसं ठेवलंय, हेच त्या कामाचं मोठेपण. फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचे हरवलेले भाग २००८ मध्ये ब्युनोस आयरिसला १६ मिमी कॉपीत सापडले. त्यावरचे चरे कॉपी करतानाच चित्रात छापले गेले होते, म्हणून २०१० च्या आवृत्तीतही ते दिसतात. तिथे डिस्कला नावं ठेवू नयेत.

नावं ठेवायची ती अति साफसफाईला. ती ओळखायला जवळून घेतलेला चेहरा पॉझ करा. गालावर त्वचेचा पोत दिसण्याऐवजी मेणाचा गुळगुळीतपणा दिसला, भुवया ब्रशने रंगवल्यासारख्या वाटल्या, तर ग्रेन धुऊन काढलीय. मग कॅमेरा हळू सरकणारं दृश्य बघा. चित्र सरकतंय पण कण जागच्या जागी थिजलेत, जणू काचेवरच्या धुळीआडून बघतोय, तर सॉफ्टवेअरने अनेक फ्रेम एकमेकांत मिसळल्यात. काळ्या टोपीच्या कडेला आकाशावर पांढरी रेघ असेल तर धार कृत्रिमपणे चढवलीय. पावसाचं दृश्य तर खास तपासावं. धूळ एकाच फ्रेमवर असते, म्हणून स्वयंचलित सॉफ्टवेअर "आधीच्या फ्रेममध्ये नाही, पुढच्यात नाही, म्हणजे कचरा" असा हिशेब करतं. पावसाचा थेंब, ठिणगी, भिरकावलेला खडाही एकाच फ्रेममध्ये त्या जागी असतो. माणसाने नजर ठेवली नाही तर सरी मध्येच तुटतात आणि ठिणग्या गायब होतात.

रंगीत सिनेमात पांढऱ्या गोष्टींवर नजर ठेवा: सदरा, कागद, दात. जुन्या रंगीत प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी-लाल पडतं. तो परत आणताना काही ठिकाणी हात जड होतो आणि दिवस असो की रात्र, सबंध सिनेमावर पिवळट-हिरवी छटा चढते. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीची गोष्ट वेगळी. तिथे निगेटिव्ह तीन वेगवेगळ्या कृष्णधवल फिल्मवर असते, त्या प्रत्येक फिल्मचं आकुंचन निराळं, म्हणून कडांना लाल-हिरवी झालर येते. तिन्ही पुन्हा तंतोतंत जुळवलेली असली की रंग असे उठतात की बघत राहावं.

एचडीआरबद्दल सावध राहा. थिएटरच्या पडद्यावर फिल्मचा उजेड साधारण ४८ निट्स (उजेड मोजायचं एकक) असे. आजचे टीव्ही १००० निट्सपर्यंत सहज जातात. जुन्या सिनेमात खिडकी किंवा दिव्याची वात डोळ्यावर येत असेल तर ग्रेडिंग करणाऱ्याने, म्हणजे रंग-उजेड ठरवणाऱ्याने, हात सैल सोडलाय. संयमाने केलेलं एचडीआर सावलीतला तपशील उघडतं आणि उजेड फक्त जिथे हवा तिथे वाढवतं.

आता टीव्ही. डिस्क चांगली असूनही चित्र वाईट दिसलं तर बहुतेक वेळा दोष इथे असतो.

फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही. त्यानंतरही हाताने तपासा. मोशन स्मूदिंग पूर्ण बंद: सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. हे सुरू राहिलं तर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसतो. नॉइज रिडक्शन आणि एमपीईजी नॉइज रिडक्शन दोन्ही बंद, नाहीतर डिस्कने जपलेली ग्रेन टीव्ही पुसेल. शार्पनेस एलजी-सॅमसंगवर शून्य किंवा त्याच्या जवळ. सोनीवर मात्र ५० हा मधला, तटस्थ आकडा आहे, तिथे शून्य केलं तर चित्र धूसर होईल. रंगाचं तापमान वॉर्म. सुरुवातीला पिवळं वाटेल, दोन दिवसांत डोळा सरावतो. कृष्णधवल सिनेमा याची उत्तम परीक्षा घेतो: राखाडीत निळी झाक दिसली तर तापमान अजून थंड आहे. खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर आणि वीजबचत बंद. ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून दाखवणं) बंद करायला एलजीवर जस्ट स्कॅन आणि सॅमसंगवर फिट टू स्क्रीन सुरू करा. नाहीतर चारही कडा कापल्या जातात, आणि प्रत्येक बिंदू ताणला गेल्याने ग्रेनही बिघडते.

प्लेअरमध्ये २४पी आउटपुट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम तशाच पाठवणं, सुरू हवं. ६० हर्ट्झवर २४ फ्रेम बसवताना एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते, म्हणून कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते. फोर-के डिस्क लावूनही एचडीआर येत नसेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग बघा: सॅमसंगवर इनपुट सिग्नल प्लस, एलजीवर डीप कलर, सोनीवर एन्हान्स्ड फॉरमॅट. केबल १८ गिगाबिटची हवी.

दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या काढायला झूम करू नका. बोलपटांच्या सुरुवातीच्या दशकांतली चौकट १.३७:१ आहे. ५५ इंची टीव्हीवर हे चित्र साधारण ९४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम ४६ इंची पडद्याएवढं दिसतं. म्हणून खुर्ची पुढे घ्या. १०८०पीसाठी पडद्याच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे ५५ इंचीसमोर सुमारे दोन मीटर अंतर ठीक. फोर-केचा फरक बघायचा तर त्याच्याही बराच आत यावं लागतं. चार मीटरवरून दोन्ही सारखेच दिसतील.

आवाजाचं काम सोपं आहे. मूळ मोनो ट्रॅक असेल तर तोच निवडा; नंतर बनवलेल्या ५.१ (सराउंड) ट्रॅकमध्ये कधीकधी पावलांचे, दारांचे आवाज नव्याने घातलेले असतात. साउंडबारवरचे थ्रीडी किंवा सराउंड इफेक्ट बंद करा. साधं एआरसी (टीव्हीतून साउंडबारला आवाज नेणारी एचडीएमआय सोय) दोन चॅनेलचं पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, विनातोटा पाठवतं, म्हणून मोनो सिनेमासाठी त्याच्या सुधारित आवृत्तीची, ईएआरसीची, गरज नाही. प्लेअरमध्ये आउटपुट पीसीएम ठेवलं की पुरे. मागे हलकी सरसर ऐकू आली तर ती राहू द्या. ती पूर्ण काढलेल्या ट्रॅकवर "स" आणि "श" बोथट होतात आणि संवाद पाण्याखालून आल्यासारखे वाटतात.

खरेदीपूर्वी एवढं बघा: ब्लू-रेला ए, बी, सी असे रीजन असतात आणि प्लेअर जुळला नाही तर डिस्क चालत नाही, फोर-के डिस्कला रीजन नसतो. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असल्याने बोटाचा ठसाही कधीकधी चित्र मध्येच गोठवायला पुरतो. मऊ मायक्रोफायबरने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. त्यानंतरही त्याच जागी अडकली तर दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. तिथेही तिथेच थांबली तर दोष डिस्कमध्ये आहे, बदलून मागा.