मुद्राचित्रणाची पदवी: कार्यशाळेतल्या वेळेवर ठरणारा दर्जा

मुद्राचित्रण, म्हणजे धातूची प्लेट किंवा दगड यांवर चित्र तयार करून त्याचे कागदावर छाप घेण्याची कला, हा मुख्य विषय घेऊन मी ललित कलेची पदवी पूर्ण केली. या अभ्यासक्रमाचा दर्जा छापयंत्र विद्यार्थ्याच्या हाती किती वेळ येते यावर ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे. पहिल्या वर्षी रेखाटन, रंग आणि रचना यांची सर्वसाधारण तयारी होते. ती कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण धातूवरची चुकलेली रेघ काढायची म्हणजे स्क्रेपर (खरवडण्याचे हत्यार) आणि बर्निशर (गुळगुळीत करण्याचे हत्यार) यांनी पृष्ठभाग घासत बसावे लागते.

एचिंगचे, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरण्याचे, शिक्षण हा अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. जस्ताची प्लेट सौम्य नायट्रिक आम्लात ठेवल्यावर रेघांवर जमणारे बुडबुडे पिसाने हलकेच दूर करणे, ॲक्वाटिंटसाठी, म्हणजे रेघांऐवजी सलग छटा मिळवण्यासाठी, राळेची बारीक पूड प्लेटवर समान बसवून ती खालून तापवणे, शाई भरल्यावर जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने प्लेट पुसणे, या प्रत्येक कृतीत छापाची छटा बदलते आणि ते शेजारी उभे राहून दाखवणारे शिक्षक आम्हांला लाभले. कार्यशाळेतल्या तंत्रज्ञांचे ऋण तर त्याहूनही मोठे आहे: भिजवलेल्या कागदातले पाणी किती टिपून घ्यायचे आणि छापयंत्राचा दाब कधी कमी करायचा, हे त्यांनीच शिकवले.

लिथोग्राफीला, म्हणजे दगडावरून छाप घेण्याच्या पद्धतीला, मात्र न्याय मिळाला नाही. जर्मनीतल्या आलोइस सेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास शोधलेली ही पद्धत तेल आणि पाणी यांच्या परस्परविरोधावर चालते. दगड कार्बोरंडम या कठीण पुडीने घासून तयार करण्यातच बराच वेळ जातो, आणि दगड थोडे असल्यामुळे पुष्कळांचे काम एकदोन छापांवरच थांबले. ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी 1927 मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या ‘आतेलिए 17’ या कार्यशाळेत भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी यांच्या सहभागाने विकसित झालेले व्हिस्कॉसिटी मुद्रण, ज्यात वेगवेगळ्या दाटपणाच्या शाया मऊ आणि कडक रोलरने एकाच प्लेटवर चढवतात, ते तर एका प्रात्यक्षिकापुरतेच उरले. इतके रंगसमृद्ध तंत्र असे उरकले जावे, याची मला मनापासून खंत आहे.

आम्लखोलीतला अपुरा वायुवीजन पंखा ही सर्वांत गंभीर त्रुटी. नायट्रिक आम्लाची वाफ फुप्फुसांना घातक असते. तांब्याची प्लेट आणि फेरिक क्लोराइड वापरल्यास हा धोका बराच कमी होतो, पण त्यासाठीही हातमोजे आणि वापरलेल्या द्रावणाची योग्य विल्हेवाट आवश्यकच ठरते. प्रवेश घेण्यापूर्वी आम्लखोली स्वतः पाहावी आणि कार्यशाळा तासिकांनंतर उघडी असते का, हे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना विचारावे.