‘छ्येनलुंगकालीन’ हस्तिदंती गोळा आणि गेलेले 47,700 डॉलर

हाँगकाँगमध्ये जुनी हस्तिदंती वस्तू घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. एकात एक सुटे गोळे कोरलेल्या एका ‘हस्तिदंती’ गोळ्याचे 46,500 हाँगकाँग डॉलर आणि ‘वयाच्या दाखल्या’चे 1,200, असे एकूण 47,700 गेले. हातात आला तो हाडाची भुकटी कालवून साच्यात ओतलेला रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या राळेचा गोळा.

दुकानदाराने सांगितलं होतं, दक्षिण चीनमधल्या क्वांगचौ शहराचं काम, चीनच्या छ्येनलुंग बादशहाच्या काळातलं (1736–1795), एकात एक 12 गोळे. या धंद्याची सगळी मदार कायद्यातल्या एका फटीवर आहे. चीनने 2017 अखेर देशातला हस्तिदंताचा व्यापार बंद केला, हाँगकाँगने 2021 अखेर. पण हाँगकाँगमध्ये जुलै 1925 पूर्वीच्या वस्तूंना सूट राहिली. त्यामुळे आता हस्तिदंत नव्हे, वय विकलं जातं. बादशहाच्या नावाचा शिक्का तर कालच्या वस्तूवरही कोरता येतो, त्याला पुरावा मानू नका.

खरा गोळा एका अखंड तुकड्यातून निघतो. तो लेथवर कातायचा, बाहेरून केंद्राकडे निमुळती होत जाणारी भोकं पाडायची (बहुधा 14), मग त्यांतून वाकड्या पात्याची हत्यारं घालून एकेक थर आतल्या आत सुटा करायचा. आत हत्यार फिरवायला जागा नसते. म्हणून बाहेरच्या थरावर ड्रॅगन, ढग, फुलं असं दाट काम असतं आणि आतल्या थरांवर साधी भौमितिक जाळी. या गोळ्यात आतली फुलंही बाहेरच्याइतकीच बारीक होती! तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. इतकं काम आत येतं ते दोन अर्ध्या वाट्या वेगळ्या ओतून चिकटवल्यावरच. तिसऱ्या थराच्या मधोमध सांध्याची केसाएवढी रेघ घरी टॉर्च मारल्यावर दिसली. दुकानात गोळा काचेच्या कपाटात, वर पिवळा दिवा, आणि ‘घामाने डाग पडतात’ म्हणून हात लावायला बंदी. अशा उजेडात भल्याभल्या जाणकारालाही सांधा दिसणार नाही. वस्तू हातात देत नसतील तर उठून या.

दहापट भिंग जवळ ठेवा. हस्तिदंती गोळ्यावर समोरासमोरच्या दोन टोकांना एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, कारण दाताचा आस तिथून जातो. बाजूंना त्याच रेषा लांबट, किंचित नागमोडी होतात. नकली मालात रेषा असल्या तरी सगळीकडे सारख्या असतात, आणि भिंगाखाली हवेचे बुडबुडे सापडतात. काळे-तपकिरी ठिपके दिसले तर ते हाड. पिवळेपणावर जाऊ नका, तो चहाच्या पाण्यानेही आणतात. ‘मॅमथचा (हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाचा) दात आहे, कायद्याची भीती नाही’ असंही ऐकवतील. त्या रेषांचा कोन मॅमथमध्ये 90 अंशांहून कमी आणि हत्तीत 115 हून जास्त भरतो, पण फक्त दाताच्या सालीजवळच्या रेषांचा. गोळा कातताना साल निघून जाते, मग दुकानदाराने कोन मोजला तो कशाचा?

आता तक्रारीचं. पोलीस म्हणाले, हा खरेदी-विक्रीचा वाद, वकील करा. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने दुकानाला पत्र धाडलं आणि उत्तर आलं नाही म्हणून प्रकरण मिटवून टाकलं. मिटवलं म्हणजे काय? वन्यजीवांच्या खात्यात विचारलं तर उत्तर मिळालं की वस्तू नकली असेल तर आमचा संबंध नाही, आणि खरी असेल तर आधी तिच्या जुनेपणाचा पुरावा तुम्हीच द्या. फसलेल्याने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, आणि दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडंच! दुकानदाराला हे सगळं पाठ आहे, त्या जोरावरच तो विकतो.

भारतात आणून विकू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. 1991 च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे बाहेरून आलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आहे.

आणि पावती तिथल्या तिथे वाचा. आमच्या पावतीवर ना हस्तिदंत, ना काळ, ना थरांची संख्या. लिहिलं होतं फक्त ‘सजावटीची वस्तू, 1 नग’. वकिलानेही त्याच ओळीवर बोट ठेवलं.