कोल्हापुरात जेवायचं तर घड्याळ बघून निघा

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात बारा खोल्यांचं एक लॉज आहे, तिथं मी २२ वर्षं काउंटरवर बसते. किल्ली हातात पडली की पाहुणा आधी विचारतो, ‘‘मावशी, दर्शनाला रांग किती आहे?’’ मग लगेच, ‘‘आणि जेवायला चांगलं कुठं?’’ रांगेचं उत्तर रोज बदलतं. जेवणाचं मात्र मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितलंय, की आता एकदा नीट लिहूनच ठेवते.

खिशात किती आहेत हे मी कुणाला विचारत नाही. भूक कधी लागणार आणि आज वार कोणता, एवढं विचारते. या गावात पैशानं बसायची जागा बदलते, पंखा जाऊन एसी येतो. चव ठरते ती वेळेवर. मिसळ दुपारी दीडला मागाल आणि मटण सोमवारी, तर कितीही पैसे टाका, कोल्हापूर काही तुमच्या ताटात येणार नाही.

सकाळी मिसळच. साडेआठ ते साडेदहा ही खरी वेळ. उद्यमनगरात फडतरे आहेत, नाव बाहेरगावापर्यंत पोचलेलं, त्यामुळं रविवारी ताटकळावं लागतं. देवळापासून चालत जायचं तर चोरगे किंवा खासबाग मैदानाजवळची खासबाग मिसळ. बावड्याच्या मिसळीला कसबा बावड्यापर्यंत रिक्षा करावी लागते, पण माझं मत विचाराल तर मी तिकडंच पाठवते. शेजारच्या बाकावर कामावर निघालेली माणसं खात असतात, त्यांच्यात बसून खाल्लं की मिसळ हा इथला रोजचा नाश्ता आहे हे कळतं. शंभराच्या आसपास पोट भरतं. वडा बशीत ठेवून त्यावर कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, ओतलेला कटवडा घेतला तर त्याहून कमी.

पुण्याकडून आलेली मुलं ‘सॅम्पल’ मागतात आणि वाढपी बघत राहतो. आमच्याकडं त्याला कट म्हणतात. बशीत मोडाच्या मटकीची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि मग कट. सोबत पाव येत नाही, जाड कापलेल्या ब्रेडच्या स्लाइस येतात. कट संपला की ‘‘कट वाढा’’ म्हणायचं, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. तिखटाची धास्ती असेल तर लाल तवंग चमच्यानं कडेला सारा आणि खालचा कट घ्या. त्यात मसाल्याची, भाजलेल्या खोबऱ्याची चव असते. जाळ वरच्या तवंगात असतो.

या तिखटाबद्दल मला मनापासून बोलायचंय. बाहेरगावी कुठल्याही हॉटेलात ‘कोल्हापुरी’ म्हणून भाजी मागवली की वर दोन लाल मिरच्या आडव्या टाकतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. लोक तेच डोक्यात घेऊन इथं येतात, घाबरत घाबरत. आमच्या घरोघरी उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसणाची चटणी होते. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, सगळं भाजून डंकावर कुटून आणायचं. मसाला असं आम्ही तिला म्हणतच नाही, चटणीच म्हणतो. एप्रिल-मेमध्ये डंकाच्या दारात डबे घेऊन बायकांची रांग लागते आणि गल्लीभर ठसका असतो. प्रत्येक घराची चटणी वेगळी, आणि खानावळीची चव म्हणजे त्या खानावळीच्या मालकिणीची चटणी. म्हणून ‘सगळ्यात भारी तांबडा रस्सा कुठला’ या प्रश्नाचं एकच उत्तर कुणी छातीठोक देत असेल तर समजा, तो त्याच्या लहानपणच्या घराच्या चवीबद्दल बोलतोय.

आता मटण. कोल्हापुरात मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी पुष्कळ घरांत चूल शाकाहारी असते. मोठ्या हॉटेलांत रोज मिळतं, पण छोट्या खानावळीत ताजं, त्याच सकाळी आणलेलं मटण खायचं असेल तर हे तीन वार धरा. माझा कुणी पाहुणा शनिवारी येऊन सोमवारी जाणार असला तर मी त्याला रविवारची दुपार मोकळी ठेवायला सांगते. त्या दिवशी अकरापासून गल्लीगल्लीत वाटण भाजल्याचा वास असतो.

ताटात काय येतं ते माहीत असावं. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात, आणि लहान मुलांना, आजाऱ्यांना आम्ही तेच देतो. त्याच अळणीचे पुढं दोन भाग होतात. एकात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण जातं, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ किंवा काजू आणि अख्खा गरम मसाला जातो, तो पांढरा. पांढरा भुरकून प्यायचा असतो, भातावर घेऊन थांबू नका. एक घोट तांबड्याचा, एक पांढऱ्याचा, मध्ये सुक्या मटणाबरोबर भाकरीचा तुकडा. रस्सा हवा तेवढा वाढतात, तो मागायला लाजायचं नाही. धीट असाल तर रक्ती, म्हणजे बकऱ्याच्या रक्ताची भाजी, आणि मुंडी विचारा. ती सगळीकडं नसते, आणि असली तर लवकर संपते.

पैशांचं म्हणाल तर मटणाच्या ताटाला साध्या खानावळीत अडीचशे-तीनशे धरून चला, मोठ्या हॉटेलात चारशेच्या पुढं. घरच्यांना घेऊन निवांत, स्वच्छ टेबलावर बसायचं असेल तर पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचं ओपल, नाहीतर देहाती. लक्ष्मीपुरीतलं पद्मा जुनं आहे, जुन्या लोकांचं आवडतं. या तिन्ही ठिकाणी मी वर्षानुवर्षं माणसं पाठवलीत आणि परत येऊन कुणी मला बोल लावलेला नाही. पण एकटा माणूस असेल, हातात कमी असेल, तर मी त्याला स्टँडच्या आसपासच्या किंवा राजारामपुरीच्या गल्ल्यांतल्या खानावळीत पाठवते. तिथं मालकीण स्वतः तव्यापाशी असते. एकदा एका पाहुण्यासोबत मीच गेले होते, तर त्याची भाकरी गार झालेली बघून तिनं ताटातून उचलली आणि म्हणाली, ‘‘थांब की, गरम आणतो.’’ पाहुणा नागपूरचा. बाईनं ‘आणतो’ म्हटलं म्हणून तो चमकला. इथल्या बायका असंच बोलतात, मीही घरात असंच बोलते.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. गेल्या वर्षी साताऱ्याकडचं एक कुटुंब उतरलं होतं. रिक्षावाल्यानं त्यांना परस्पर हायवेच्या बाजूच्या एका हॉटेलात नेलं. तांबड्यात नुसता रंग, पांढरा मैदा लावून घट्ट केलेला, आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर बिलात त्याचे पैसे. त्यातल्या आजोबांनी परत आल्यावर मला एवढंच विचारलं, ‘‘हेच का हो ते?’’ मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी दुपारची होती म्हणून त्यांना खानावळीत नेऊन बसवलं, तेव्हा कुठं बरं वाटलं. तुम्हाला एक खूण सांगते. पांढरा वाटीत ओतल्यावर पाण्यासारखा सळसळला पाहिजे. सूपासारखा जड पडला तर दुसरी वाटी मागू नका.

शाकाहारी माणसं आमच्याकडं उपाशी राहतील असं त्यांना का वाटतं, कोण जाणे. अख्खा मसूर आणि भाकरी खाऊन बघा, रात्रीच्या जेवणाला त्याहून चांगलं मला काही सुचत नाही. राजारामपुरीत लोणी डोसा मिळतो, जाड, मऊ, वर लोण्याचा गोळा, मुलं खूश. पन्हाळ्याला जाणार असाल तर इथं पोटभर खाऊन निघू नका. वर गडावर बायका चुलीवर झुणका-भाकर करतात, सोबत खर्डा आणि मडक्यातलं दही. पन्हाळ्याच्या वाऱ्यात ती भाकरी खाल्लेली माणसं संध्याकाळी परत आली की आधी तिचंच सांगतात, किल्ल्याचं नंतर.

ज्यांच्याकडं खरंच पैसे नसतात तेही इथं जेवतात, आणि मान खाली न घालता जेवतात. कपिलतीर्थ मंडईपाशी महालक्ष्मी अन्नछत्र आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कुणालाही दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं. बडा शेठ आणि पायी आलेला शेतमजूर तिथं शेजारी बसलेले मी स्वतः बघितलेत. ऐपत असेल तर पेटीत टाका, नसेल तर जेवून उठा. मी वर्षातून एकदा तरी तिथं जाऊन बसते, देवीचं म्हणून.

संध्याकाळी खासबागेकडं चला. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीसाठी बांधलेलं हे मैदान आणि शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. त्या रात्री आमच्या गच्चीवरून आभाळ लाल दिसत होतं, आणि आम्ही सगळ्या बायका नुसत्या उभ्या होतो. माझ्या लग्नानंतरचं पहिलं नाटक मी तिथं बघितलं होतं, आणि मध्यंतरात राजाभाऊंची भेळ खाल्ली होती. ती भेळ अजून आहे. गावाला आलेल्याला ती खाऊ घातल्याशिवाय मी सोडत नाही. कोरडी मागा, कैरीचे दिवस असतील तर वर कैरी. जवळच खाऊ गल्ली आहे, तिथं थोडक्या पैशांत चार जण चार गोष्टी चाखू शकतात. रंकाळा तलावावरही भेळ, कणसं सगळं मिळतं, पण तिथं जायचं ते पाण्यासाठी आणि सूर्यास्तासाठी.

गोडाचं म्हणाल तर सोळंकीचं कॉकटेल. नाव ऐकून बायका बिचकतात, पण ते आइस्क्रीमच आहे. उंच ग्लासात फळांचे तुकडे, जेली, सुका मेवा, सगळं थरावर थर. दोघांत एक पुरतं. हिवाळ्यात आलात तर एखाद्या गुऱ्हाळावर जा. दिवाळीनंतर काही महिने गुऱ्हाळं चालू असतात. कायलीतली गरम काकवी भाकरीवर ओतून दिली तर नाही म्हणू नका. गूळ घरी न्यायचा असेल तर फिकट पिवळ्याला भुलू नका, काळपट बघून घ्या.

आणि गंगावेस. हे मी पाहुण्याला शेवटच्या दिवशी सांगते, कारण आधी सांगितलं तर लोक हसून सोडून देतात. गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि तेच कोमट, फेसाळ दूध ग्लासात देतात. जवळच गंगावेस तालीम, त्यामुळं पैलवान पोरं मोठ्या पितळी भांड्यानं पितात. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जायचं.

मागच्या मार्गशीर्षात अमरावतीकडची एक आजी नातवाबरोबर आली होती. दात नव्हते, तिखट चालत नव्हतं, आणि नातू रोज तिच्यासाठी केळी आणून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी त्यांची पहाटेची गाडी चुकली, म्हणून मी काउंटर पोराकडं देऊन दोघांना गंगावेशीला घेऊन गेले. थंडी होती. गवळीमामांनी धार काढली, ग्लास काठोकाठ भरून आजीच्या हातात दिला. आजीनं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि आधी नुसती ऊब घेतली. तोवर फेस खाली बसला, ग्लास पाऊण झाला. मामांनी तो तिच्या हातातून परत घेतला, म्हणाले, ‘‘फेसाचे पैसे मी घेत न्हाई, आजी,’’ आणि पुन्हा काठापर्यंत भरून दिला.