‘जुना जर्मन डबल बेस, कलाकाराच्या घरातला’: माझे एक लाख तीस हजार कसे गेले

डबल बेस, म्हणजे उभा राहून वाजवायचा तो मोठा अपराइट बेस, स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी घ्यायला निघालं असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे एक लाख तीस हजार रुपये गेले आहेत. परत मिळतील ही आशा आता फार नाही. पण ज्या पद्धतीने ते काढून घेतले, ती सविस्तर सांगितली तर पुढच्या माणसाचे तरी वाचतील. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चौकशीत आहे. आणि नावं तो बदलतोच.

मी पुण्यात बेस गिटार वाजवतो. जॅझ वाजवायला लागल्यावर अपराइटची ओढ लागते, ती कुठल्याही पेडलने भागत नाही. आपल्याकडे हे वाद्य दुकानात सहज बघायला मिळत नाही. बहुतेक ठिकाणी ऑर्डर द्यावी लागते. साधा चिनी प्लायचा नवा बेस भाडं-खर्च धरून लाखाच्या पुढे जातो, आणि सॉलिड लाकूड कोरून घडवलेला हवा असेल तर आकडा काही लाखांत जातो. मग माणूस जुन्याकडे वळतो, आणि फसवणाऱ्यांचं गिऱ्हाईक इथेच तयार होतं.

त्यात मुंबई आणि गोव्यात जुने बेस आहेत, हे खरंच आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेले कितीतरी वादक मुंबईला आले, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागले, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राचा कणाच झाले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ही त्यांतली सगळ्यांना ठाऊक असलेली नावं. ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद आटत गेले, आणि कुणाची व्हायोलिनं, कुणाचे चेलो, कुणाचे बेस घराघरांत पडून राहिले. त्यामुळे ‘आमच्या आजोबांनी रेकॉर्डिंगला वाजवलेला बेस’ हे वाक्य खोटंच असेल असं वाटत नाही. मला विकला गेलेला बेस याच वाक्यावर विकला गेला. ज्या माणसांनी आयुष्यभर मागच्या रांगेत उभं राहून वाजवलं, त्यांच्या कष्टांचा असा वापर व्हावा याचा मला पैशांइतकाच राग आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं : सॉलिड स्प्रूस, मेपलची पाठ, एबनीचा (म्हणजे मुळातच काळ्या, कठीण लाकडाचा) फिंगरबोर्ड, जर्मन, १९३८. किंमत दीड लाख, थोडंफार कमी होईल. फोटो छान होते, सगळे समोरून आणि थोड्या अंतरावरून काढलेले. फोनवर बोलणारा गृहस्थ अतिशय मृदू. मुंबईच्या एका उपनगरातल्या फ्लॅटवर बोलावलं, चहा दिला, भिंतीवरचा एक जुना फोटो दाखवून ‘हेच आमचे आजोबा’ म्हणाला. आतल्या खोलीत पलंगावर बेस आडवा ठेवला होता. खोलीत एकच पिवळा दिवा, आणि चारही तारा सैल.

त्या सैल तारांबद्दल मी विचारलं. उत्तर तयार होतं : ‘साहेब, पावसाळा आहे. लाकडावर ताण नको म्हणून आम्ही दरवर्षी उतरवून ठेवतो.’ ऐकायला किती समंजस वाटतं! आवाज ऐकायचा म्हटल्यावर त्याने मोबाइलवर एक रेकॉर्डिंग लावलं आणि हाच बेस आहे म्हणाला. मी तारा चढवून बघू का म्हटलं, तर ‘एकदम ताण दिला तर वरचा पत्रा बसेल, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा’ असं कळकळीने सांगितलं. (पत्रा म्हणजे बॉडीची समोरची लाकडी फळी.) तेवढ्यात त्याला बंगळूरच्या कुठल्या तरी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी तिथेच वीस हजार यूपीआयने दिले, आणि टेम्पोत चढवताना उरलेले एक लाख दहा हजार रोख. पावती नाही. ‘घरातली वस्तू आहे, पावती कसली करायची’ हे त्याचं म्हणणं.

आता त्या सैल तारांचं खरं कारण. डबल बेसच्या चार तारा सुरात असतात तेव्हा त्यांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो. हा सगळा ताण नेकला, म्हणजे वाद्याच्या मानेला, पुढे ओढत असतो, आणि नेक जिथे बॉडीत बसवलेला असतो त्या सांध्यावर त्याचा जोर येतो. तोच ताण ब्रिजमधून (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी घोडीतून) खाली वरच्या पत्र्यावर दाबतो, आणि आत उभा केलेला साउंडपोस्ट नावाचा लाकडी दांडका त्याला आधार देतो. तारा सैल असल्या की तुटलेला नेकही सरळ दिसतो, खचलेला पत्राही ठीकठाक दिसतो. चांगला बेस कुणी पूर्ण सैल करून ठेवत नाही. तसं केलं तर साउंडपोस्ट जागचा पडू शकतो, त्यामुळे पावसाळा असो की उन्हाळा, जाणकार त्याला सुरातच ठेवतात. विकणाऱ्याला हे नक्कीच माहीत होतं.

घरी आणल्यावर त्याने सांगितल्याप्रमाणे सावकाश तारा चढवल्या. जी आणि डी लागल्या. ए चढवत असताना नेकच्या बुडाशी एक कोरडा, लहानसा आवाज झाला. बोट फिरवलं तर पॉलिशखाली केसाएवढी रेघ उमटली होती. दुसऱ्या दिवशी त्या रेघेत नख जात होतं. टॉर्च मारला तेव्हा आत लाकडाचे ताजे तंतू नव्हतेच. पिवळट, काचेसारखा एपॉक्सी होता, त्यात भरलेला लाकडाचा भुसा, आणि एका बाजूला, रंगवलेल्या लाकडी गुल्लीच्या आड, सुताराच्या स्क्रूचं डोकं. नेक आधीच कधीतरी पूर्ण तुटला होता आणि कपाटाचं दार बसवावं तसा बसवला होता.

व्हायोलिन दुरुस्त करणारे एक वयस्कर गोवेकर अंकल मुंबईत आहेत, त्यांच्याकडे बेस नेला. त्यांनी डेंटिस्टकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च एफ-होलमधून (पत्र्यावरच्या ‘एफ’ आकाराच्या भोकातून) आत घातला आणि मला बघायला लावलं. बाहेर मेपलचे सुंदर पट्टे होते, आतून पाठ साध्या लाकडाची. तिचे रेषे बाहेरच्याशी कुठेच जुळत नव्हते. एफ-होलच्या कडेला काळा रंग जाड फासलेला होता. त्यांनी ब्लेडच्या टोकाने तो थोडासा खरवडला, तर खाली तीन थर स्वच्छ दिसले, आणि मधल्या थराचे रेषे आडवे. म्हणजे प्लायवूड. फिंगरबोर्ड ब्रिजच्या बाजूला जिथे हवेत संपतो, तिथे खालून स्पिरिटचा कापूस घासला, तर कापूस काळा झाला आणि लाकूड फिकट. एबनी असती तर आतही काळीच निघाली असती. अंकल फार बोलत नाहीत. ‘बाबा, हे लाकूड रंगवलंय, आणि नेक मेलेला आहे’ एवढंच म्हणाले.

मग त्यांनी आतलं लेबल वाचायला सांगितलं. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला वाटावा असा कागद. वर्ष हाताने लिहिलेलं : १९३८. त्याखाली इंग्रजीत छापलेलं : मेड इन वेस्ट जर्मनी. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ साली झाला! एकाच लेबलावर या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. लेबल हा पुरावा नव्हे, तो फक्त एक चिकटवलेला कागद असतो. जगात स्ट्राडिव्हेरियस या प्रख्यात जुन्या इटालियन व्हायोलिन-कारागिराचं लेबल असलेली कारखान्यातली व्हायोलिनं ढिगाने आहेत.

इथे एक गैरसमज होऊ नये असं मला फार वाटतं. प्लायचा बेस वाईट नसतो. अमेरिकेत शिकागोच्या के कंपनीने प्लायचेच बेस बनवले, आणि जुने के आजही वादक शोधून घेतात. आपल्या दमट हवेत तर प्लाय बरा, कारण सॉलिड स्प्रूसचा पत्रा हवा बदलली की फुगतो-आकसतो आणि रेषेच्या दिशेने तडकतो. शिकणाऱ्याला, बँडसाठी प्रवास करणाऱ्याला, कमी पैशांत घेणाऱ्याला मी प्लायचाच घ्या म्हणेन. थोडे जास्त पैसे असतील तर हायब्रिड मिळतो, त्यात वरचा पत्रा सॉलिड आणि पाठ, बाजू प्लायच्या. फसवणूक आहे ती प्लायला सॉलिड म्हणून विकण्यात आणि मोडलेला नेक रंगाखाली लपवण्यात. हाच बेस ‘प्लायचा, नेक तुटून दुरुस्त केलेला’ असं सांगून पंचवीस-तीस हजारांना कुणी दिला असता, तर तो व्यवहार स्वच्छ होता.

घ्यायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. बेस सुरात लावून उभा ठेवलेला हवा, ही अट फोनवरच घाला. ‘तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी तारा चढवून ठेवतो’ असं जो म्हणेल त्याच्याकडेच जा, आणि सबबी सांगेल त्याच्याकडे जाऊच नका. सुरात असलेल्या बेसचा नेकचा सांधा टॉर्चने चारही बाजूंनी बघा. तिथलं पॉलिश बाकीच्या अंगापेक्षा नवं, जाड किंवा गडद असेल तर कारण विचारा. ब्रिजच्या पायांखाली पत्रा खचलाय का, हे बाजूने डोळा लावून बघा. बॉडीच्या कडेकडेने बोटांच्या पेराने सगळीकडे हलकं टकटक करत जा. जिथे पत्रा आणि बाजू यांचा सांधा सुटलाय तिथे आवाज फुटका येतो. कडेचा हा सांधा सुटलेला असणं मात्र दोष समजू नका. चांगल्या वाद्यात तो सरसाने चिकटवतात ते यासाठीच, की हवा बदलली तर लाकूड तडकण्याऐवजी सांधा सुटावा आणि परत लावता यावा. सरसाच्या जागी फेविकॉल किंवा एपॉक्सीचे ओघळ दिसले तर मात्र सावध व्हा, कारण पुढे कुठलीही नीट दुरुस्ती करताना कारागीर त्या ओघळांशी झगडत बसतो.

साठ-सत्तर वर्षांचा सॉलिड बेस म्हणून दाखवलेल्या वाद्यावर एकही जुनी चीर, एकही दुरुस्ती नसेल, तर मला तरी ते खटकेल. एवढ्या वर्षांत स्प्रूस बहुतेक वेळा कुठेतरी तडकतोच. नीट भरलेली चीर दिसणं हे उलट विश्वासाचं लक्षण आहे. फिंगरबोर्डवर तारांखाली चर पडले असतील तर रंधा मारून तो सरळ करून घ्यावा लागेल, त्याचा खर्च धरा. तारांचा बरा संच पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, ब्रिज आणि साउंडपोस्ट बसवून घेण्याचे पैसे वेगळे. स्वस्त बेसचा हिशोब हे सगळं धरून करायचा, नाहीतर तो स्वस्त नसतो. मापाबद्दल घाबरू नका : थ्री-फोर्थ (पाऊण) माप म्हटलं तरी तो लहान मुलांचा नव्हे, मोठी माणसंही बहुतेक तोच वाजवतात. त्याची तारेची लांबी साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर भरते.

मी फोन केला तेव्हा तो मृदू गृहस्थ पूर्ण बदललेला होता. ‘तुम्ही ताण जास्त दिला, तुमच्याकडून तुटला’ हे त्याचं पहिलं वाक्य. एपॉक्सीचे फोटो पाठवल्यावर नंबर ब्लॉक. फ्लॅटवर गेलो तर तो भाड्याचा होता आणि रिकामा झाला होता. पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पूर्वी ज्याला लोक ‘चारशेवीस’ म्हणायचे. माझ्या हातात पुरावा म्हणून काय आहे? जाहिरातीचे स्क्रीनशॉट, वीस हजारांचा यूपीआयचा व्यवहार आणि अंकलनी लिहून दिलेला तपासणीचा कागद. रोख दिलेल्या रकमेचा एक चिटोराही नाही, आणि अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न त्याच रकमेचा विचारला. म्हणून सांगतो, घरातली वस्तू असली तरी साध्या कागदावर लिहून घ्या : वाद्य कुठलं, कशाचं बनलेलं म्हणून विकलं, नेकची दुरुस्ती झाली आहे की नाही, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या. आणि सगळी रक्कम बँकेतून द्या.

ओळखीतल्या एका मुलाला वाद्य दिसलंही नाही. परदेशातल्या दुकानाचे फोटो चोरून टाकलेली जाहिरात, कुरिअरसाठी आगाऊ रक्कम, मग कस्टमसाठी आणखी. असं झालं तर वाट बघत बसू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

नेक नवा बसवायला अंकलनी चाळीस-पंचेचाळीस हजारांचा अंदाज दिला आहे. प्लायच्या बेसवर एवढा खर्च करायचा का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात तशीच जाहिरात परत दिसली. या वेळी चेलो आहे, शिकणाऱ्या मुलांसाठी योग्य म्हणून. नाव नवं, नंबर नवा, आजोबा तेच. लेबलचा जवळून काढलेला फोटो टाकलाय : हाताने लिहिलेलं १९३८, खाली वेस्ट जर्मनी, आणि आठचा आकडा माझ्या लेबलावर आहे तसाच, वर उघडा राहिलेला. स्क्रीनशॉट पोलिसांना दिले आहेत. पण जाहिरात हे लिहीपर्यंत तरी उतरलेली नाही. तुमच्या ओळखीत कुणाचं मूल चेलो शिकत असेल, तर त्याच्या आईवडिलांना आजच फोन करून सांगा.