ऑफिसच्या प्रॉक्सीमागे ॲप्ट चालत नसेल तर सीएनटीएलएम टाका

आमच्या ऑफिसात बाहेरचं सगळं नेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून जातं, लॉगिन विंडोज डोमेनचं, म्हणजे ऑफिसच्या विंडोज अकाउंटचं. ब्राउझर मस्त चालतो, पण उबुंटूवर सुडो ॲप्ट अपडेट मारलं (ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं टूल, सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) की ४०७, प्रॉक्सी ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड, म्हणजे प्रॉक्सीला लॉगिन हवंय. दोन दिवस गेले माझे यात. आधी टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचं व्हेरिएबल एक्सपोर्ट केलं, तर सुडो ते ॲप्टपर्यंत पोचूच देत नाही, कारण तो एन्व्हायर्नमेंट, म्हणजे असली एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबलं, साफ करून मगच कमांड चालवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग भलतीकडेच शोधत बसतात. मग ॲप्टच्या कॉन्फ फाइलमध्येच यूजर-पासवर्डसकट ओळ घातली, पासवर्डमध्ये ॲट (@) होता म्हणून त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ४० (%40), ओळीच्या शेवटी सेमिकोलन, सगळं नीट, तरी ४०७च. खरी गोम अशी की ॲप्टला प्रॉक्सीशी बेसिक लॉगिनच करता येतं आणि आमची प्रॉक्सी मागते एनटीएलएम, म्हणजे विंडोजची स्वतःची लॉगिन पद्धत. मग सेटिंग कितीही बरोबर लिहा, काय उपयोग.

सीएनटीएलएम हा छोटासा प्रोग्राम नेमकं हेच काम करतो. आपल्याच मशीनवर ३१२८ पोर्टवर बसतो, एनटीएलएमचं लॉगिन स्वतः करतो आणि ॲप्ट, पिप, एनपीएम, गिट असल्या नेटवरून कोड उतरवणाऱ्या सगळ्या टूलांना १२७.०.०.१ चा, म्हणजे आपल्याच मशीनचा, बिनपासवर्डचा साधा पत्ता द्यायचा. स्नॅपला (उबुंटूचं ॲप बसवायचं दुसरं टूल) मात्र त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये वेगळा सांगावा लागतो. आता ॲप्टच बंद तर हा टाकायचा कसा? ब्राउझरमधून त्याची डेब फाइल (उबुंटूची इन्स्टॉलर फाइल) उतरवली आणि डीपीकेजी या कमांडने बसवली.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे पासवर्ड उघडा लिहावा लागत नाही. सीएनटीएलएमच्या कमांडला मायनस कॅपिटल एच (-H) दिलं की पासवर्ड विचारतो आणि तीन हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनवलेले कोड, छापतो, आपल्याला लागेल तो सीएनटीएलएमच्या कॉन्फ फाइलमध्ये चिकटवायचा. कुठला लागेल ते कळत नसेल तर मायनस कॅपिटल एम (-M) देऊन बाहेरची एखादी साइट द्या, लॉगिनचा एकेक प्रकार करून बघतो आणि जो चालला त्याच्या ओळी तयार देतो. माझं काम याच्यानेच झालं. फक्त ती फाइल रूटशिवाय (मशीनच्या ॲडमिनशिवाय) कुणाला वाचता येणार नाही असं करा, कारण हॅश हातात आला की पासवर्ड मिळाल्यासारखंच आहे.

त्रास झाला तो डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या टूलमध्ये. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे कंटेनर स्वतः, त्यामुळे बिल्ड करताना, म्हणजे कंटेनरची इमेज बनवताना, ॲप्ट परत अडकला. नेटवर बरेच जण सीएनटीएलएमच्या कॉन्फमध्ये गेटवे येस करा म्हणतात, ते प्लीज करू नका, नेटवर्कवरचा कोणीही मग तुमच्या नावाने बाहेर जाऊ शकतो. त्याऐवजी त्याच फाइलमधल्या लिसनच्या ओळीत डॉकरच्या ब्रिजचा, म्हणजे कंटेनरला मशीनशी जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कचा, पत्ता घाला, बहुतेक मशीनवर तो १७२.१७.०.१ असतो, आणि बिल्डला प्रॉक्सी म्हणून तोच द्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एरर मेसेजसाठी, डोमेनचं नाव चुकलं तरी तेच ४०७ येतं आणि नेमकं काय चुकलंय ते कळत नाही. पासवर्ड बदलला की सर्व्हिस आधी थांबवा, नवा हॅश टाका आणि मग चालू करा, नाहीतर तो जुन्याच पासवर्डने लॉगिन मारत राहतो आणि डोमेनचं अकाउंट लॉक होतं. आमच्या टीममध्ये दोघांचं झालंय.