भाऊबीजेनंतरची ऑस्ट्रेलिया सहल: व्यवस्था उत्तम, मुहूर्त चुकलेला

पुण्यातील एका सहल कंपनीबरोबर भाऊबीज आटोपल्यावर आम्ही उभयता ऑस्ट्रेलियाची १६ दिवसांची सहल करून आलो. मेलबर्न, सिडनी, मध्यभागातील वाळवंटातला उलुरू हा प्रचंड खडक, केर्न्स आणि शेवटी उत्तर टोकाच्या डार्विनमार्गे काकाडू राष्ट्रीय उद्यान असा मार्ग होता. कंपनी हीच सहल मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात अशी वर्षातून तीनदा नेते आणि मुक्कामांचा क्रमही बदलत नाही. आरक्षणाच्या वेळी तिथला चांगला काळ कोणता असे विचारले, तेव्हा ‘ऑस्ट्रेलिया बाराही महिने करता येते’ असे उत्तर मिळाले. देशापुरते ते खरे आहे, या सहलीपुरते नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे शाळेत सगळेच शिकतात. मात्र बंगळुरू विषुववृत्ताच्या उत्तरेला जितके दूर आहे, जवळजवळ तितकेच डार्विन दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे हिवाळा-उन्हाळा हा हिशेब चालत नाही. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि मे ते ऑक्टोबर कोरडा काळ, असे वर्षाचे दोनच भाग पडतात. तिथून ३,००० किलोमीटरहून अधिक दक्षिणेला असलेल्या मेलबर्नमध्ये त्याच नोव्हेंबरात वसंत सरत असतो. एकाच तारखेला दोन्ही टोके गाठायची, तर कुठेतरी तडजोड आलीच. ती कुठे आणि किती करायची, हे सांगणे सहल कंपनीचे काम आहे.

दक्षिणेत तक्रारीला जागा नव्हती. मेलबर्नमध्ये सकाळी स्वेटर, दुपारी टोपी आणि संध्याकाळी छत्री लागली, पण त्या शहराची ख्यातीच तशी आहे. सिडनीत नीलमोहर असा फुलला होता की एका उपनगरातील गल्लीत बस थांबवून सर्वांना खाली उतरवावे लागले. या एका दृश्यासाठी नोव्हेंबरला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

उलुरूला मात्र तारखेबरोबर वेळापत्रकानेही घात केला. शेजारच्या काता जुटा डोंगरांतील ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही पायवाट तापमान ३६ अंश किंवा त्याहून अधिक होण्याचा अंदाज असेल, तर सकाळी ११ वाजता एका टप्प्यापुढे बंद करतात. नोव्हेंबरात तेवढे ऊन नवलाचे नसताना कंपनीने आम्हाला तिथे जेवणानंतर नेले! डोळ्यां-नाकाशी घोंगावणाऱ्या माश्यांसाठी लागणारी जाळीची टोपीही आम्हाला ऐनवेळी विकत घ्यावी लागली. मे महिन्यात तिथे दिवसा आल्हाददायक हवा असते आणि रात्री शाल लागते.

काकाडूची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर भरून कोसळणाऱ्या जिम जिम धबधब्याचे छायाचित्र होते. आम्ही पाहिला तो सुमारे २०० मीटर उंचीचा कोरडा कडा! यात लबाडी नसेल, पण अज्ञान नक्कीच आहे: धबधबा जेव्हा तसा कोसळतो, तेव्हा तिथे जाणारा रस्ता पाण्याखाली असल्याने बंद असतो आणि ते दृश्य विमानातूनच पाहावे लागते. पाऊस ओसरून रस्ता खुला झाल्यावरचे पहिले काही आठवडे, म्हणजे साधारण जून महिना, हाच रस्ता आणि पाणी दोन्ही मिळण्याचा काळ. स्थानिक वाटाड्याने सांगितले की तिथले मूळ रहिवासी आपल्यासारखेच वर्षाचे सहा ऋतू मानतात. आम्ही आलो तो गुनुमेलेंग, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या वादळांचा. रोज दुपारी ढग दाटायचे, गडगडाट व्हायचा आणि घामाच्या धारांपलीकडे काही पडायचे नाही. वळवाची वाट पाहणारा वैशाख पुन्हा भोगायला आम्ही एवढे पैसे मोजले, असे एक सहप्रवासी म्हणाले. यलो वॉटर या पाणथळीवरील पहाटेची नौकाफेरी मात्र अप्रतिम झाली, कारण पाणी आटल्याने पक्षी आणि मगरी उरलेल्या डबक्यांपाशी एकवटल्या होत्या.

केर्न्सच्या समुद्रात विषारी जेलीफिशचा हंगाम साधारण नोव्हेंबरातच सुरू होतो, त्यामुळे प्रवाळ पाहायला उतरताना अंगभर चिकटणारा पोशाख घालावा लागला. तो पुरवला जातो, अडचण काही येत नाही.

जेवण, हॉटेले आणि टूर मॅनेजरची धावपळ यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन. वेळेच्या निवडीला दोन. मेलबर्न-सिडनी एवढेच पाहायचे असेल, तर दिवाळीनंतरची सहल निःशंक घ्यावी. उत्तरही हवी असेल, तर मे अखेरची सहल बरी, मात्र तेव्हा मेलबर्नमध्ये थंडी असते आणि दिवस लवकर मावळतो, हे गृहीत धरावे. माझ्या मते दोन्ही टोकांना त्यातल्या त्यात जुळणारा काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा, जेव्हा आपल्याकडे गणपती किंवा पाठोपाठ पितृपक्ष असतो, त्यामुळे कंपनी तेव्हा सहल काढतच नाही. नाताळातील सहल घेणाऱ्यांनी काकाडूतील कोणते रस्ते त्या आठवड्यात खुले असण्याची शक्यता आहे आणि बंद असल्यास त्याऐवजी काय दाखवणार, हे पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे.