गोळी बदलावी की मेटफॉर्मिन जोडावं?

नागपुरात महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न: स्किझोफ्रेनियासाठीच्या ओलान्झापिनने भावाचं वजन वाढलं, लग्नकार्यात लोक पोटावरून बोलतात, तो बाहेरच पडत नाही; गोळी बदलावी, की वजनासाठी मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) जोडावं? आधी त्या नातेवाइकांना गप्प करा, ताई!

बदलून देता येणाऱ्या ॲरिपिप्राझोलने (याच आजारावरची दुसरी गोळी) वजन बरंच कमी वाढतं. पण औषध बदलताना आजार उलटू शकतो. घरच्यांना झोप, चिडचिड, संशय यांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. मेटफॉर्मिन स्वस्त, चालू औषधाला धक्का नाही. मात्र वजन थोडंच उतरतं, सुरुवातीला पोट बिघडतं. अंबाझरीला संध्याकाळचं फिरणं दोन्हींत हवंच.

भास नुकतेच थांबले असतील तर मेटफॉर्मिन बरं. बराच काळ स्थिर असून आरसाही नकोसा झाला असेल, तर डॉक्टरांशी बदलाचं बोला. स्वतःहून गोळी बंद करू नका.